ताठ शेपटीची कुळकथा

मांजराच्या पाठीवरून हात फिरवत शेपटीच्या बुडाशी आणला की त्याचा मागचा भाग उचलला जातो आणि शेपूट सरळ उभी राहते. बाहेरून घरी आलेल्या माणसाच्या पायात घोटाळतानाही ती तशीच ताठ असते. लाडात येणं म्हणजे हेच, असं समजून आपण पुढे जातो. मला मात्र या रीतीचं मूळ सापडलं ते अगदी अनपेक्षित जागी, नवजात पिल्लांच्या शी-शूमध्ये.

जन्मल्यावर पहिले काही आठवडे पिल्लाला हे काम आपलं आपण करता येत नाही. आई त्याचं बूड चाटते आणि त्या स्पर्शानंच पोट मोकळं होतं. शेपूट आड आली तर जीभ पोचणार कशी? पुढे पिल्लू चालायला लागतं, तेव्हा आई दिसताच शेपूट उभारूनच तिच्याकडे धावतं, आणि आई ते हुंगते, चाटते. आपला तळहात मांजराच्या पाठीवरून ज्या वाटेनं मागे सरकतो, ती आईच्या जिभेची वाट आहे. म्हणून माझं ठाम मत असं, की मोठ्या मांजराची ताठ शेपूट म्हणजे पिल्लानं आईला केलेला पुकारा, आणि आपल्या घरात तो आपल्याला ऐकवला जातो.

मांजर माणसाजवळ आलं कसं, हे आता सर्वांना ठाऊक आहे. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, कोठारांत धान्य साठलं, उंदीर आले, उंदरांमागे तिथलं रानटी मांजर आलं. सायप्रसमध्ये माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं, ते सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं.

शेपटीवर पहिला मोठा दावा चार्ल्स डार्विनचा. प्राण्यांच्या भावनांवरच्या १८७२ च्या ग्रंथात त्यानं दोन मांजरं शेजारी मांडली. एक लढायला सज्ज, जमिनीलगत दबकलेलं, शेपूट आपटणारं. दुसरं प्रेमात आलेलं, पाठ किंचित उंचावलेलं, शेपूट उभी. त्याच्या मते या दुसऱ्या पवित्र्याला स्वतःचा काही उपयोग नाही. भाव उलटा, म्हणून शरीराची ठेवणही उलटी. मांडणी देखणी आहे, पण ती मला पटत नाही. ज्या पिल्लानं अजून कुणाशी भांडणच केलेलं नाही, तेसुद्धा शेपूट उभारतं. मग ते उलटं कशाच्या? शिवाय दबकून हल्ला करणं सगळ्या रानटी मांजरांत आहे. उलट्याच्या नियमानं त्या सगळ्यांत ताठ शेपटीचं अभिवादनही दिसायला हवं होतं. मोठ्या झालेल्या रानटी मांजरांमध्ये ते आढळत नाही.

दुसरा दावा बोक्याच्या बाजूनं येतो. बोका हद्द आखताना भिंतीकडे पाठ करून, शेपूट वर धरून मुताची पिचकारी मारतो, आणि वाघही झाडावर तसंच करतो. त्यातून अभिवादन निघालं असावं, असं काही जण म्हणतात. यात वय आडवं येतं. पिचकारी वयात आल्यावर सुरू होते, शेपटीचं अभिवादन त्याच्या कितीतरी आधी. नातू आजोबाचा पूर्वज ठरवावा, तसं हे झालं.

तिसरा दावा सर्वांत वजनदार. शार्लट कॅमरून-ब्यूमाँट आणि जॉन ब्रॅडशॉ या ब्रिटिश अभ्यासकांनी म्हटलं, की ही खूण माणसाळण्याच्या काळात घडली. एकट्यानं शिकार करणारा प्राणी कोठारांभोवती दाटीनं राहू लागला. प्रत्येकाच्या पंजात नखं. अशा वेळी ‘मी भांडायला येत नाही’ हे दुरूनच कळवणं भाग पडलं. कॅमरून-ब्यूमाँट यांनी १९९७ च्या प्रबंधासाठी मांजराच्या सपाट काळ्या आकृत्या कापून घरातल्या मांजरांपुढे ठेवल्या. उभ्या शेपटीची आकृती दिसली की मांजरं आपलीही शेपूट उभारून तिच्याकडे जात. खाली शेपटीची आकृती पाहून मात्र ती बिचकत. ना वास, ना आवाज, नुसत्या आकारानं काम झालं.

हा दावा मी नाकारत नाही, पण तो अर्धाच आहे. दाटीनं गरज निर्माण केली, हे खरं. मग खूण म्हणून शेपूटच का, कान का नाहीत, पाठ का नाही? कारण शेपटीची खूण प्रत्येक मांजराला जन्मापासून येतच होती. ती फक्त मोठेपणी विसरली जाईनाशी झाली. रोममधल्या भटक्या मांजरांच्या वसाहतीत सिमोना काफात्सो आणि एउजेनिया नातोली यांनी केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, आणि माझ्यासाठी निर्णायक पुरावा तोच. तिथं शेपूट उभारण्यात दुबळी, कमी आक्रमक मांजरं पुढे होती, आणि हे अभिवादन जास्त करून वरचढ मांजरांना मिळत होतं. दिशा धाकट्याकडून मोठ्याकडे, म्हणजे पिल्लाकडून आईकडे जाते तीच.

वागणुकीची हाडं उरत नाहीत, त्यामुळे हा बदल कोणत्या शतकात झाला ते उत्खननात मिळणार नाही. माझ्या अंदाजानं तो पहिल्या कोठारांइतकाच जुना असणार, कारण दाटी तिथेच सुरू झाली.

मांजराला घराचा लळा, माणसाचा नाही, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. शेपटीची कुळकथा याच्या विरोधात जाते. पायाशी शेपूट उभारणारं मांजर माणसाला घरातली वरची जागा देतं, आईची. क्रिस्टिन व्हिटाली आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी २०१९ साली, लहान मुलांसाठी वापरतात तीच चाचणी मांजरांवर केली. अनोळखी खोलीत सोबतचा माणूस थोडा वेळ बाहेर जातो आणि परततो. सुमारे ६४ टक्के पिल्लं त्याच्या परतण्यानं शांत झाली आणि पुन्हा खोली धुंडाळू लागली. मोठ्या मांजरांतही प्रमाण जवळपास तेवढंच निघालं. बालपणीचं नातं मोठेपणीही टिकतं, याला आणखी काय दाखला हवा?

आता राहिला सिंह. मांजराला आपण वाघाची मावशी म्हणतो, पण वाघ वयात आल्यावर एकट्यानं राहतो. मांजरकुळात खऱ्या अर्थानं कळप करून राहतो तो सिंह, आणि भेटताना डोकं घासत शेपूट उंच धरण्याची रीत त्याच्यातही आहे. त्याला ना कोठार मिळालं, ना माणूस. आईच्या जिभेखाली मात्र त्याचा छावाही वाढतो. दोघांचा पूर्वज काही लाख नव्हे, तर सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीचा, आणि कळपात राहण्याची वेळ दोघांवर वेगवेगळी आली. तरीही दोघांनी उचलली ती शेपूटच.