लसीकावाहिन्यांचा शोध

२३ जुलै १६२२ रोजी इटलीतील मिलान येथे गास्पारे आसेल्ली हा शरीरशास्त्रज्ञ नुकत्याच खाऊ घातलेल्या जिवंत कुत्र्याचे विच्छेदन करत होता. आतड्यांच्या पडद्यावर पांढऱ्या दोऱ्यांचे जाळे दिसले. ते मज्जातंतू वाटले. पण एक कापताच दुधासारखा द्रव ओघळला. तो आतड्यांनी शोषलेला स्निग्ध रस होता. तो यकृतात जातो, ही आसेल्लीची समजूत फ्रान्सच्या झाँ पेकेने १६५१ मध्ये खोडून काढली. छातीतील नलिकेतून हा रस मानेच्या पायथ्याशी शिरेतल्या रक्तात मिसळतो. लवकरच स्वीडनचा रुडबेक आणि डेन्मार्कचा बार्थोलिन यांनी अशा वाहिन्या शरीरात इतरत्रही दाखवल्या. त्यांतला द्रव पाण्यासारखा नितळ होता, तीच लसीका. शोधाच्या श्रेयावरून मात्र दोघांत वाद पेटला.