सीडी प्लेअरचं 'क्लॉक' बदलल्याने आवाज खरंच सुधारतो का?

माळ्यावरचा जुना सीडी प्लेअर खाली काढून पुन्हा वापरणाऱ्यांना हौशी मंडळींकडून एक सल्ला हमखास मिळतो: आतलं क्लॉक बदल, आवाजावरचा पडदाच दूर होईल. मग लहानसा सर्किट बोर्ड मागवला जातो, प्लेअरचं झाकण उघडतं आणि सोल्डरिंग गन तापायला लागते. काही जण या कामावर प्लेअरच्या किमतीहून जास्त पैसे घालतात. त्याआधी या क्लॉकचं काम काय आणि ते बदलून काय बदलतं, हे पाहून घेतलेलं बरं.

हे क्लॉक म्हणजे काय?

प्लेअरच्या दर्शनी भागावर मिनिटं-सेकंद दिसतात, त्याच्याशी याचा संबंध नाही. सीडीवर आवाज आकड्यांच्या रूपात साठवलेला असतो. दर सेकंदाला, प्रत्येक चॅनलसाठी ४४,१०० आकडे. या आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करणाऱ्या चिपला 'डॅक' म्हणतात. पुढचा आकडा नेमका कोणत्या क्षणी बाहेर सोडायचा, याची खूण डॅकला क्लॉककडून मिळते.

क्लॉकचं हृदय म्हणजे क्वार्ट्झचा क्रिस्टल. मनगटी घड्याळात असतो तोच पदार्थ, फक्त घड्याळातला क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि प्लेअरमधला त्याहून कितीतरी वेगाने. फिलिप्सच्या ८०च्या दशकातल्या अनेक प्लेअरमध्ये ११.२८९६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल सापडतो, म्हणजे सेकंदाला १ कोटी १२ लाख ८९ हजार ६०० कंपनं. आकडा विचित्र वाटला तरी हिशोब सरळ आहे: ४४,१०० गुणिले २५६. इतर अनेक प्लेअरमध्ये १६.९३४४ मेगाहर्ट्झ असतो, म्हणजे ३८४ पट.

कॅसेट किंवा रेकॉर्डची सवय असलेल्यांना वाटतं की तबकडी हलत-डुलत फिरली तर सूरही हलेल. सीडीत तसं होत नाही. वाचलेला डेटा आधी एका छोट्या मेमरीत जमा होतो आणि तिथून क्लॉकच्या ठेक्यावर बाहेर पडतो. मोटरचा वेगही याच क्लॉकला धरून कमी-जास्त केला जातो. टाकीत पाणी कसंही पडो, नळाची धार सारखीच राहते, तसंच हे.

अचूक आणि स्थिर यात फरक आहे

क्लॉक विकणाऱ्यांच्या जाहिराती वाचताना सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. समजा, तबलजीने ठरलेल्यापेक्षा किंचित चढी लय धरली. मात्रा सारख्या अंतराने पडत असतील तर ऐकणाऱ्याच्या ते लक्षातही येणार नाही. पण सरासरी लय बरोबर असूनही एकेक मात्रा मागेपुढे पडू लागली तर ते खटकतं. पहिली चूक अचूकतेची, दुसरी स्थिरतेची.

साध्या क्रिस्टलमध्ये दहा लाखांत ५० इतका फरक असू शकतो. ऐकायला मोठा वाटतो, पण ७४ मिनिटांची सीडी त्यामुळे जेमतेम ०.२२ सेकंद आधी किंवा नंतर संपेल. सूर बदलेल तो अर्ध्या सुराच्या हजाराव्या भागाहूनही कमी. त्यामुळे 'दहा लाखांत १ इतकं अचूक' ही जाहिरात खरी असली तरी कानाच्या दृष्टीने बिनकामाची आहे. क्लॉकला रुबिडियम अणुघड्याळाची जोड देणारी उपकरणंही बाजारात आली. जपानी 'एसोटेरिक'चं जी-०आरबी हे त्यातलं एक. पण रुबिडियमची ख्याती आहे ती दीर्घकाळ न चुकण्यासाठी. गाण्याला गरज असते ती या क्षणापासून पुढच्या क्षणापर्यंतच्या स्थिरतेची.

या दुसऱ्या प्रकारच्या चुकीला 'जिटर' म्हणतात. आकडा बरोबर, पण बाहेर पडण्याची वेळ किंचित मागेपुढे. तबल्याचं उदाहरण इथे संपतं, कारण जिटरमुळे ताल चुकल्यासारखा ऐकू येत नाही. मूळ स्वराच्या आजूबाजूला मुळात नसलेले अतिशय बारीक स्वर किंवा खरखर तयार होते. स्वर जितका उंच, तितका परिणाम जास्त.

किती जिटर कानाला कळतो?

जिटर पिकोसेकंदांत मोजतात. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. १६ बिटच्या सीडीवर २० किलोहर्ट्झचा, पूर्ण जोराचा स्वर आहे असं धरलं, तर वेळेची चूक साधारण १२१ पिकोसेकंद झाली की ती सर्वांत लहान पायरीच्या निम्मी भरते. क्लॉकविक्रेत्यांचा हा आवडता आकडा. गणित बरोबरच आहे. मात्र २० किलोहर्ट्झला पूर्ण जोराचा स्वर कोणत्याही गाण्यात नसतो, आणि तिशी-चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांना तो ऐकूही येत नाही.

ऐकण्याच्या प्रयोगांतून वेगळं चित्र दिसतं. डॉल्बी लॅबोरेटरीजच्या एरिक बेंजामिन आणि बेंजामिन गॅनन यांनी १९९८मध्ये मांडलेल्या अभ्यासात, शुद्ध उंच स्वरावर सर्वांत अनुकूल परिस्थितीतही १० नॅनोसेकंदांच्या आसपासचा जिटर लागला, तेव्हा कुठे तो ऐकू आला. १० नॅनोसेकंद म्हणजे १०,००० पिकोसेकंद. प्रत्यक्ष संगीतात ही मर्यादा आणखी वर गेली. २००५मध्ये जपानमध्ये अशिहारा आणि सहकाऱ्यांनी तरबेज श्रोत्यांना त्यांच्या पसंतीचं संगीत ऐकवलं. तिथे विस्कळीत जिटर कळायला काही शे नॅनोसेकंद लागले. बऱ्यापैकी प्लेअरचा मूळ जिटर सहसा याच्या खूप खाली असतो.

मग लोकांना फरक का जाणवतो?

सगळे खोटं बोलत नाहीत. झाकण उघडलंच आहे म्हणून लोक लेन्स पुसतात, जुने कपॅसिटर बदलतात, सैल कनेक्टर घट्ट करतात. श्रेय मात्र क्लॉकला जातं. शिवाय काम संपायला दोन-तीन तास लागतात आणि तोवर आधीचा आवाज फक्त आठवणीत उरलेला असतो. पैसे खर्चून, बोटं भाजून घेतल्यावर ती आठवण आपल्याच बाजूने साक्ष देते.

काही प्लेअरमध्ये मात्र दुखणं खरं असतं. लेन्स आणि मोटर हलवणारं सर्किट सतत वीज कमी-जास्त ओढत असतं. क्लॉकला त्याच पाच व्होल्टच्या लाइनवरून वीज मिळत असेल तर ती थरथर क्लॉकमध्ये उतरते. अशा वेळी नव्या बोर्डवरच्या ऑसिलेटरपेक्षा त्याच्या स्वतंत्र, शांत वीजपुरवठ्याचा उपयोग जास्त होतो.

हे तपासताही येतं. ११,०२५ हर्ट्झचा सलग स्वर सीडीवर लिहून वाजवायचा, चांगल्या साउंड कार्डने रेकॉर्ड करायचा आणि संगणकावर स्पेक्ट्रम पाहायचा. मधल्या उंच सुळक्याच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर लहान सुळके दिसले तर जिटरचा संशय घेता येतो. ते नसतील तर क्लॉकला हात लावण्याचं कारणच नाही.

करायचंच असेल तर

मूळ सर्किटमध्ये एक क्रिस्टल आणि दोन छोटे सिरॅमिक कपॅसिटर असतात. ते काढून नव्या बोर्डचा सिग्नल चिपच्या क्रिस्टल-इनपुट पिनला द्यायचा, आउटपुट पिन मोकळी सोडायची. वायर आखूड आणि शिल्ड असलेली हवी, अर्थ जवळच्या जवळ हवा. लांब वायर लोंबत ठेवली तर महागडं क्लॉकही आधीपेक्षा वाईट चालेल. नव्या क्लॉकची फ्रिक्वेन्सी जुन्या क्रिस्टलवर छापलेल्या आकड्याइतकीच लागते.

प्लेअरची डिजिटल वायर बाहेरच्या डॅकला जोडली असेल तर हा खर्च बहुतेक वाया जातो, कारण आकडे सोडण्याची वेळ तो डॅक स्वतःच्या सर्किटने ठरवतो. डीव्हीडी प्लेअरमध्ये मुख्य क्रिस्टल सहसा २७ मेगाहर्ट्झचा असतो आणि ऑडिओचं क्लॉक त्यापासून दुसरं सर्किट तयार करतं. तिथे नुसता क्रिस्टल बदलून फारसं काही हाती लागत नाही.

झाकण उघडण्याआधी प्लग काढाच, कारण आत २३० व्होल्ट आहेत. सीडीचा लेसर इन्फ्रारेड असतो, डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून चालू प्लेअरच्या लेन्समध्ये डोकावू नका. जुन्या प्लेअरच्या अनेक चिपचं उत्पादन बंद झालंय. पिन तुटली किंवा बोर्डवरचा तांब्याचा पट्टा उचलला गेला तर बदली मिळवायला दुसरा मेलेला प्लेअरच शोधावा लागतो. काढलेला क्रिस्टल आणि दोन्ही कपॅसिटर छोट्या पिशवीत घालून झाकणाच्या आतच टेपने चिकटवून ठेवा.