थेंबाचा कस

अकरावी-बारावीला विज्ञान घेतलेल्या वाचकांना ‘सी.बी.आर.’ ही तीन अक्षरे आठवत असतील. कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. जर्नलमध्ये तक्ता आखायचा, आधी पायलट रीडिंग, मग एक, दोन, तीन. तिन्ही आकडे जुळले की खाली सी.बी.आर. लिहून चौकट करायची. पिपेटने १० मिलिलिटर ऑक्झॅलिक आम्ल शंकुपात्रात घ्यायचे, थोडे सल्फ्युरिक आम्ल घालून ते चटका बसेल इतपत तापवायचे आणि ब्युरेटमधून जांभळे पोटॅशियम परमँगनेट सोडायचे. पहिले काही थेंब रंग सोडायला खळखळ करतात. मग अभिक्रियेतूनच तयार झालेले मँगनीज पुढच्या थेंबांना घाई करते आणि रंग पडताक्षणी नाहीसा होऊ लागतो. शेवटी एक थेंब असा येतो की फिकट गुलाबी छटा टिकून राहते. तिथे तोटी बंद. किती मिलिलिटर लागले त्यावरून द्रावणाची संहती काढायची. मराठीत याला अनुमापन म्हणतात. मी ते बावीस वर्षे शिकवले.

शिकवताना त्याचा इतिहास कधी सांगितला नाही, कारण तो मलाच ठाऊक नव्हता. निवृत्तीनंतर वाचायला बसलो. अनुमापन कुठल्यातरी विद्यापीठात, एखाद्या प्राध्यापकाच्या डोक्यातून निघाले असणार, असे गृहीत धरले होते. निघाले ते बाजारातून. विकणारा सांगतो तेवढा माल खरोखर तिखट आहे का, या गिऱ्हाइकाच्या संशयातून.

१७२९ साली फ्रान्समध्ये क्लोद-जोझेफ ज्योफ्रुआने व्हिनेगरचा जोर मोजला. त्यात पोटॅशियम कार्बोनेटची भुकटी थोडीथोडी टाकत जायचे आणि फसफसणे थांबेपर्यंत किती भुकटी लागली त्याचे वजन करायचे. ब्युरेट नाही, दर्शक नाही. नुसता फेस हीच खूण. १७५६ साली स्कॉटलंडच्या फ्रान्सिस होमने कापडाच्या धुलाईवर पुस्तक लिहिले, त्यात हीच युक्ती उलट्या बाजूने आहे. लिननचे कापड पांढरे करायला राखेतला क्षार लागे आणि त्या क्षारात भेसळ सर्रास असे. होमने ठरावीक क्षार घेऊन त्यात पातळ केलेले नायट्रिक आम्ल चहाच्या चमच्याने घातले आणि फसफस थांबेपर्यंतचे चमचे मोजले. वजनाऐवजी आकारमान मोजण्याची सुरुवात ही अशी, चमच्यापासून.

खरी निकड आली ती क्लोरीनमुळे. क्लोरीनने कापड पांढरे होते हे १७८५च्या सुमारास बर्थोलेने दाखवले आणि महिनोन्‌महिने उन्हात कापड पसरून ठेवण्याचा जाच संपला. पण विरंजक द्रावण कमी पडले तर कापड मळकट राही आणि जास्त झाले तर धागा कुजे. रूआँ हे कापडाच्या धंद्याचे शहर. तिथल्या देक्रुआझील नावाच्या औषधविक्रेत्याने १७९५च्या आसपास खुणा केलेली काचेची नळी वापरात आणली. निळीचे ठरावीक द्रावण घ्यायचे आणि विरंजक द्रावणाने तिचा निळा रंग जाईतो किती माप लागते ते पाहायचे. उपकरणाला त्याने बर्थोलेचेच नाव दिले. पुढे १८०६ साली क्षारांसाठीही तसेच उपकरण त्याने पुढे आणले. रंग जाण्यावर किंवा पालटण्यावर भरवसा ठेवायची कल्पना मला घरचीच वाटते. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे आपल्याकडे कुठल्या घराला माहीत नसते?

ब्युरेट आणि पिपेट हे शब्द रसायनशास्त्रात रूढ केले गे-ल्युसॅकने, १८२४ साली, तेही विरंजक चुन्याच्या परीक्षेवर लिहिताना. फ्रेंचमध्ये ब्युरेट म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेच्या वेळी वाइन आणि पाणी ठेवतात ती छोटी झारी. त्याचे ब्युरेटही झारीसारखे तिरके करून ओतावे लागे. पण त्याचे मला सर्वांत आवडणारे काम चांदीवरचे आहे. नाण्यातली चांदी तपासायची जुनी रीत अशी की नमुना शिशाबरोबर सच्छिद्र मुशीत वितळवायचा, हीण मुशीत जिरायचे आणि उरेल ती शुद्ध चांदी. अडचण एवढीच की हिणाबरोबर थोडी चांदीही जिरे आणि नाणे आहे त्याहून हलक्या दर्जाचे ठरे. हजारात तीन-चार भागांचा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो. टांकसाळीला तो परवडणारा नव्हता. गे-ल्युसॅकने चांदी नायट्रिक आम्लात विरघळवून तीत मिठाचे द्रावण घालायला सांगितले. द्रावण असे बेतलेले की त्याच्या १०० मिलिलिटरने नेमकी एक ग्रॅम चांदी साक्यासारखी खाली बसावी. शेवटाकडे दहापट पातळ द्रावण घ्यायचे आणि नवा ढग उठायचा थांबला की थांबायचे. ही पद्धत १८३२ साली प्रसिद्ध झाली.

सोन्याचांदीच्या शुद्धतेला फ्रेंच शब्द आहे ‘तित्र’. इंग्रजीतले टायट्रेशन त्यावरून आले. आपल्याकडे त्याला कस म्हणतात. बावनकशी सोन्यातला तो कस. पाठ्यपुस्तकातल्या ‘अनुमापन’ या शब्दात चूक काही नाही, पण सराफाच्या पेढीचा वास त्यातून पार उडून गेला आहे.

पुढचा मोठा माणूस कोब्लेंझचा फ्रीडरिश मोहर, तोही औषधविक्रेत्याच्या घरातला. त्याने ब्युरेट सरळ उभे केले आणि खाली रबरी नळीला चिमटा बसवला, म्हणजे हवा तेवढाच थेंब सुटावा. परमँगनेट रबर खाते, म्हणून त्याच्यासाठी काचेची तोटी. १८५५ साली आलेले त्याचे पुस्तक या विषयाचा पाया ठरले. तुलनेसाठी हाताशी भरवशाचा पदार्थ असावा म्हणून त्याने ऑक्झॅलिक आम्ल पुढे केले. त्याचे स्फटिक नीट तोलता येतात. २५० मिलिलिटर दशांश नॉर्मल द्रावणाला १.५७५ ग्रॅम, हा आकडा मला अजून झोपेतही सांगता येईल.

परमँगनेट तसे नाही. १८४६ साली मार्गरीतने लोह मोजायला ते वापरले तेव्हापासून त्याचा लाड आहे, कारण वेगळा दर्शक लागत नाही. पण उजेडात, धुळीत ते आपोआप विघटन पावते, बाटलीच्या तळाशी तपकिरी गाळ धरते आणि कमजोर होते. म्हणून ते दर वेळी ऑक्झॅलिक आम्लाशी ताडून पाहायचे. हे मी वर्गात दरवर्षी सांगत असे.

एका वर्षी दिवाळीच्या सुटीनंतरचे पहिलेच प्रात्यक्षिक होते. सदतीस मुले. दोन्ही द्रावणे दशांश नॉर्मल, म्हणजे उत्तर १०.० यायला हवे. छत्तीस जर्नलांत ते आले: १०.०, १०.०, १०.०. एका मुलीच्या तक्त्यात १०.७, १०.७, १०.८ होते आणि सी.बी.आर.ची चौकट रिकामी. मी लाल शाईने गोल केला, “वाचन अचूक नाही, पुन्हा करा” असा शेरा मारला आणि दोन गुण कापले.

संध्याकाळी सामान आवरताना परमँगनेटच्या बाटलीकडे लक्ष गेले. पांढऱ्या काचेची बाटली, खिडकीपाशी, सुटीच्या आधी भरलेली. तळाशी गाळ. अंबर रंगाची बाटली फुटल्यावर नवी मागवायची राहिली होती, ती मागणी माझ्याच खणात पडून होती. ऑक्झॅलिक आम्ल त्याच दिवशी सकाळी मी स्वतः तोलून केले होते, त्याबद्दल शंका नव्हती. ब्युरेट पुन्हा धुतले, परमँगनेटने खळबळून घेतले, भरले आणि तीनदा अनुमापन केले. १०.७. १०.७. १०.७.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावून गुण परत दिले. चूक माझी होती, हेही सांगितले. मग विचारले, “शेजारच्या सगळ्यांचे दहा येत होते. तुला पाहून लिहावेसे नाही वाटले?”

“वाटलं ना सर. चार वेळा केलं,” ती म्हणाली. “पण दहाला गुलाबी होतच नव्हतं.”

बाकीची छत्तीस जर्नले टेबलावर गठ्ठ्याने पडली होती. प्रत्येक पानाखाली ‘तपासले’ लिहून केलेली माझी सही होती.