यमू, पेकोला आणि नकुशी : कथा-कादंबरीतील मुलीचे दुःख

गिरगावातील खोताच्या वाडीत कौलारू छपरांची, लाकडी जिन्यांची आणि सज्जांची जुनी घरे आता मोजकीच उरली आहेत. ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि मराठी हिंदू कुटुंबांची ही वस्ती. तेथून पायी जाता येईल अशा अंतरावर, चौपाटीजवळ, ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी 'शारदा सदन' उघडले. विधवा मुलींना निवारा आणि शिक्षण देणाऱ्या या संस्थेत लवकरच दाखल झालेली गोदूबाई आठव्या वर्षीच विधवा झाली होती. पुढे १८९३ मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. शारदा सदन सुरू झाले त्याच्या पुढच्याच वर्षी पुण्यात ह. ना. आपटे यांचे 'करमणूक' साप्ताहिक निघाले. त्यातून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीने यमू नावाच्या मुलीला बोलते केले.

मुलीवर समाजाने लादलेली बंधने आणि तिचा छळ हा मराठी कथात्म साहित्याचा अगदी आरंभापासूनचा विषय आहे. कृष्णवर्णीय अमेरिकी आणि आफ्रिकी कादंबरीनेही तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तितक्याच तीव्रतेने हाताळला. दोन्हीकडची पुस्तके शेजारी ठेवून वाचली असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. मुलीचा छळ क्वचितच बाहेरचा कोणी करतो. समाजाचा हुकूम तिच्यापर्यंत पोहोचतो तो घरच्याच माणसांच्या हातून. आणि ती माणसे बहुधा स्वतःही दबलेली असतात.

न्यायालयातील मुलगी, कादंबरीतील मुलगी

यमूच्या कहाणीला मुंबईतील एका खटल्याची पार्श्वभूमी आहे. वयाच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी विवाह झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी सासरी नांदण्यास नकार दिला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. मार्च १८८७ मध्ये मात्र न्या. फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, अन्यथा सहा महिने तुरुंगवास भोगा, असा आदेश दिला. तुरुंगात जाण्याची तयारी रखमाबाईंनी दाखविली. १८८८ मध्ये तडजोड होऊन हे प्रकरण मिटले आणि पुढे इंग्लंडमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन त्या डॉक्टर झाल्या. या खटल्याने पेटलेल्या वादातूनच १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला. त्याने संमतीचे वय दहावरून बारा वर्षांवर नेले. या दोन वर्षांच्या वाढीलाही कडाडून विरोध झाला.

मराठीतील पहिली कादंबरी मानल्या जाणाऱ्या बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) मध्येही विधवांची दुःखे होतीच. परंतु तेथे लेखक त्यांच्या वतीने बोलत होता. आपट्यांनी कथनाची सूत्रे यमूच्या हाती दिली. बालपण, लग्न, सासरचा जाच, नवऱ्याबरोबर मुंबईत लाभलेले थोडे मोकळे दिवस, त्याचा मृत्यू आणि इच्छेविरुद्ध झालेले केशवपन, हे सारे ती स्वतः सांगते. तिची मैत्रीण दुर्गी हिचे हाल तर नवरा जिवंत असतानाच होतात. या कादंबरीत एक-दोन दुष्ट माणसे आहेत, पण ती नसती तरी यमू सुटली नसती. घरातील वडीलधाऱ्यांना जे घडते ते रीतीप्रमाणेच वाटते, आणि कादंबरीचे शीर्षक त्यांनाच उद्देशून आहे.

कादंबरीतील हे घर कल्पित नव्हते. अकराव्या वर्षी न्या. रानडे यांची पत्नी होऊन आलेल्या रमाबाईंना नवरा रात्री शिकवीत असे आणि दिवसा घरातील बायका त्याबद्दल टोमणे मारीत. हे सारे रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या पुस्तकात नोंदविले आहे.

१९३३ मध्ये 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने आलेल्या 'कळ्यांचे निःश्वास' या कथासंग्रहाने पुढचा टप्पा दाखविला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलीचा पगार घराला हवा असतो, म्हणून तिचे लग्न लांबते. तिच्या मनाचा विचार मात्र कोणी करीत नाही. पुस्तकावर गदारोळ उठला, लेखिका कोण याचे तर्क लढविले गेले. त्या लेखिका म्हणजे मालतीबाई बेडेकर. शिक्षणाने मुलगी सुटेल, ही सुधारकांची आशा अपुरी असल्याचे त्यांच्या कथांनी सांगितले.

जातीच्या उतरंडीत तळाची मुलगी

यमूचे दुःख पांढरपेशा घरातले होते. त्याच्याही खालच्या थरातील आवाज खरे तर आधीच उमटला होता. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. जात आणि वर्ण यांचे हे नाते पुढे शंभर वर्षांनी साहित्यात पुन्हा जोडले गेले. अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. म. ना. वानखडे यांनी दलित लेखकांना कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे पाहण्यास सांगितले आणि १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर नावच 'ब्लॅक पँथर'वरून घेतले.

बाबुराव बागूल यांच्या 'सूड' (१९७०) मधील जानकीला आपले बाईपणच नकोसे होते. राजन गवस यांच्या 'चौंडकं' (१९८५) या कादंबरीत यल्लम्माला सोडलेल्या सुलीची कथा आहे. देवाच्या नावाने मुलगी सोडणारे आईबाप गरीब आहेत, भ्यालेले आहेत आणि तरीही तिच्या नाशाला तेच कारण होतात. महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलन कायदा त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २००५ मध्ये संमत झाला.

बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) ही कादंबरी नसून आत्मकथन आहे, पण हा विषय त्याला वगळून पुरा होत नाही. आठ-नऊ वर्षांच्या सुनांना पहाटे जात्यावर बसविणाऱ्या, भाकरी बिघडली म्हणून मारणाऱ्या सासवांचे चित्र त्यांनी काढले आहे. सासू स्वतः तशाच मारातून गेलेली आहे. गावाने ज्यांना तुडविले, त्यांच्या हाताखाली तुडविण्यासाठी एकच जीव उरला होता, तो म्हणजे कोवळी सून. आपल्याच समाजाविषयी हे लिहिण्यास मोठे धैर्य लागते. उर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) मध्येही जातीचा चटका आणि घरातील पुरुषी वर्चस्व यांची नोंद एकाच लेखणीने केली आहे.

निळे डोळे आणि देज

टोनी मॉरिसन यांच्या 'द ब्लुएस्ट आय' (१९७०) मधील अकरा वर्षांच्या पेकोलाला निळे डोळे हवे आहेत. गोरेपण म्हणजेच सौंदर्य असे मानणाऱ्या जगात काळ्या मुलीला आपण कुरूप आहोत असे वाटू लागते. गोऱ्यांनी अपमानित केलेला बाप दारूच्या नशेत तिच्यावरच अत्याचार करतो आणि अखेर तिचे भान हरपते. मॉरिसन बापाचा भूतकाळही सांगतात, पण त्याचा गुन्हा माफ करीत नाहीत. स्थळाच्या जाहिरातीत 'गोरी' हा शब्द वर्षानुवर्षे वाचणाऱ्या मराठी वाचकाला पेकोला परकी वाटू नये.

अ‍ॅलिस वॉकर यांच्या 'द कलर पर्पल' (१९८२) मधील चौदा वर्षांची सेली घरातील अत्याचाराविषयी कोणाला सांगू शकत नाही, म्हणून ती देवाला पत्रे लिहिते. ही कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा कृष्णवर्णीय पुरुषांची बदनामी केल्याचा आरोप लेखिकेवर झाला. घरातले बाहेर काढू नये, हा दंडक तेथेही होता.

नायजेरियाच्या बुची एमेचेटा यांच्या 'द ब्राइड प्राइस' (१९७६) मध्ये वडिलांच्या मृत्यूनंतर लागोस सोडून गावी आलेली अकु-ना ही मुलगी म्हणजे काकाच्या दृष्टीने येऊ घातलेली रक्कम आहे. वधूमूल्य, म्हणजे आपल्याकडील देज, घेऊन त्याला गावात मानाची पदवी मिळवायची आहे. ती शाळेत जाते तीही शिकलेल्या मुलीला देज जास्त मिळते म्हणून. गुलामांच्या वंशातील तरुणाशी ती पळून जाऊन लग्न करते आणि बाळंतपणात मरते. हुंडा देऊन असो वा देज घेऊन, मुलीची किंमत दुसरेच ठरवितात.

झिम्बाब्वेच्या त्सित्सी डांगारेम्ब्गा यांच्या 'नर्व्हस कंडिशन्स' (१९८८) मधील तांबूला शाळेच्या फीसाठी स्वतः मका पिकवावा लागतो. तिचा भाऊच ती कणसे चोरतो. भाऊ वारला तेव्हा कुठे तिला शिक्षणाची संधी मिळते. त्याच्या मृत्यूचे आपल्याला दुःख झाले नाही, असे ती प्रारंभीच सांगून टाकते. या कबुलीने वाचक चपापतो. मुलीला मुलाच्या जागेवरच शिकता येत असेल, तर तिच्याकडून वेगळी भावना अपेक्षिता येते का, हा प्रश्न मग उरतो.

पुस्तकाबाहेर

ही सारी पुस्तके जुन्या काळाची नोंद म्हणून वाचण्याची सोय आकडेवारी ठेवीत नाही. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ झाली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे, १९८८ मधील, हे देशातील पहिले राज्य. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच झाल्याचे आढळले. म्हणजे जवळजवळ पाचांत एक.

यमूला निदान नाव होते. सातारा जिल्ह्यात मुलगा हवा असताना झालेल्या मुलींची नावे 'नकुशी' ठेवली जात. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये अशा अडीचशेहून अधिक मुलींचे नामकरण तेथे समारंभपूर्वक करण्यात आले. ते जुने नावही आईबापांनी, आजी-आजोबांनीच ठेवलेले होते. नवे नाव मात्र त्यांतील काही मुलींनी स्वतः निवडले.