फटफटीवरून आलेले औषध

माझे वडील मलेरिया खात्यात होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या रानातली पंधरा-वीस गावे आणि धनगरवाडे त्यांच्याकडे असत. दर पंधरवड्याला प्रत्येक घरी जायचे, कुणाला ताप आहे का विचारायचे, असेल तर बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, क्लोरोक्विनच्या गोळ्या समोर गिळायला लावायच्या आणि दाराशेजारी भिंतीवर छापलेल्या चौकोनात तारीख टाकून सही करायची. मराठी घरात 'ताप आहे का कुणाला?' आणि कानडी घरात 'ज्वर बंदैतेन्री?' एवढीच त्यांची भाषणे. सायकल जाईल तिथवर सायकल, पुढे पायी. काचपट्ट्यांची लाकडी पेटी एस.टी.ने तालुक्याला जाई आणि निकाल येईतो रोगी एकतर रोपलावणीला गेलेला असे, नाहीतर दुसऱ्यांदा अंथरुणाला खिळलेला असे.

१९८६ साली त्या भागातल्या एका कार्यालयाला मोटारसायकल मिळाली. नारळ फुटला, हार घातला, फोटोही निघाला. सहा महिन्यांत तिची क्लचवायर तुटली. वायर किती रुपयांची ते आप्पांना माहीत होते, पण ती स्वतःच्या खिशातून घालता येत नव्हती. मागणीपत्र वर गेले आणि वरच राहिले. त्या पावसाळ्यात माझी चुलतबहीण अडली. नर्सबाई नऊ मैलांवर. त्यांना आणायला माणूस चालत गेला आणि इकडे बहिणीला घोंगड्याच्या झोळीत घालून चौघे रस्त्याकडे निघाले. दोघांची गाठ वाटेत ओढ्यापाशी पडली. बहीण वाचली, बाळ गेले. गाडी चालू असती तर बाळ वाचलेच असते, असे मी म्हणत नाही. पण दुसऱ्या दिवशी आप्पा त्या पत्र्याच्या शेडसमोर बराच वेळ नुसते उभे होते, हे मी पाहिले आहे.

हे सारे सांगायचे कारण असे की, इतिहास शिकवणाऱ्या माणसाला वाचनात कधी कधी आपल्याच घरची हकीगत दुसऱ्या खंडात भेटते. मला ती सोमालियात भेटली.

सोमालियाचे नाव आरोग्याच्या इतिहासात मोठ्या मानाने घ्यावे लागते. निसर्गतः झालेल्या देवीच्या रोगाचा जगातला शेवटचा रुग्ण १९७७ साली त्या देशातल्या मेर्का गावी सापडला. अली माओ मालिन त्याचे नाव, इस्पितळात स्वयंपाकी. तो बरा झाला आणि हजारो वर्षांचा तो रोग तिथे संपला. जगाने सुटकेचा नि:श्वास टाकला. पुढच्याच वर्षी आल्मा आता येथे जगभरच्या सरकारांनी ठराव केला की प्राथमिक आरोग्यसेवा सर्वांपर्यंत न्यायची. पण लस आणि औषध एकदा नेऊन भागत नाही; ते दर आठवड्याला, दर महिन्याला न्यावे लागते. आणि ते नेणार कसे, या प्रश्नाकडे मोठ्या परिषदांतून फारसे कुणी पाहिले नाही.

१९८८ मध्ये त्याच सोमालियात दोन पाहुणे आले. एक अमेरिकेचा मोटारसायकल शर्यतपटू रँडी मामोला. पाचशे सीसीच्या जागतिक स्पर्धेत हा चार वेळा दुसरा आला आणि पहिला कधीच आला नाही. अशा माणसांविषयी मला शाळेतही जरा अधिक माया वाटते. दुसरा बॅरी कोलमन, शर्यतींवर लिहिणारा इंग्रज पत्रकार. शर्यतींच्या दुनियेतून मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला निधी गोळा करून दिला होता, त्याचे काय झाले हे पाहायला ते गेले होते. त्यांना दिसले ते असे: देणगीतून आलेल्या गाड्या अंगणात ओळीने उभ्या, गंजत पडलेल्या. त्या फार धावून झिजल्या नव्हत्या, थोडक्याच धावून थांबल्या होत्या. कुठे वंगण नाही, कुठे गाळणी धुळीने बुजलेली, कुठे एखादा स्वस्त सुटा भाग मिळालेला नाही. डॉक्टरांच्या आणि परोपकारी मंडळींच्या डोळ्यांना हे दृश्य नेहमीचे झाले होते. या दोघांना ते असह्य झाले, कारण ते डॉक्टर नव्हते, गाडीवाले होते. मोडलेले यंत्र उभे असलेले पाहून गाडीवाल्याचा हात आपोआप पान्ह्याकडे जातो.

बॅरीची पत्नी अँड्रिया हिच्याविषयी थोडे लिहिले पाहिजे. ती स्वतः शर्यतीत गाडी चालवणारी. तिचा पहिला पती टॉम हेरन हा नामांकित शर्यतपटू १९७९ साली उत्तर आयर्लंडमधल्या शर्यतीत अपघात होऊन वारला. ज्या यंत्राने घर मोडले त्याचे तोंड पाहू नये असे तिला वाटले असते तर कुणी दोष दिला नसता. तिने उलट केले. पुढे या कामासाठी कोलमन दांपत्याने राहते घर गहाण टाकले. 'रायडर्स फॉर हेल्थ' हे नाव घेऊन १९९६ मध्ये संस्था स्वतंत्र झाली, पण खरे काम त्याआधीच गांबिया आणि लेसोथो या दोन लहान देशांत सुरू झाले होते.

हे दोन्ही देश आपल्या वाचकांनी नकाशात काढून पाहावेत. सीमा म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. गांबिया हा एका नदीच्या दोन्ही काठांना चिकटलेला चिंचोळा पट्टा आहे, रुंदी पन्नास किलोमीटरसुद्धा नाही, आणि तीन बाजूंनी सेनेगल. नदीने देशाचे दोन भाग केलेले. लेसोथो तर चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेच्या पोटात आहे. तो सगळाच्या सगळा डोंगरावर; त्याची सर्वांत खालची जागासुद्धा समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर उंच. घोंगडी पांघरून तट्टावर बसलेला माणूस हे तिथले नेहमीचे दृश्य. आमच्या भागातल्या धनगराला ते परके वाटू नये. थंडीत बर्फ पडते, पाऊलवाटा दगडांच्या, आणि दवाखाना एका खोऱ्यात तर रोगी तिसऱ्याच खोऱ्यात.

अशा ठिकाणी जीपगाडी फारशी उपयोगी पडत नाही. ती महाग, पेट्रोल पिणारी आणि वाट संपली की थांबणारी. विमानाची युक्ती पूर्व आफ्रिकेत १९५७ पासून होती. केनियात मायकेल वुड आणि त्यांच्या दोन सहकारी शल्यविशारदांनी 'उडत्या डॉक्टरां'ची सेवा सुरू केली आणि तिने पुष्कळ जीव वाचवले. पण विमान अत्यवस्थ रोग्यासाठी येते. तान्ह्या मुलाला लस टोचायला, मच्छरदाणीला औषध लावायला, क्षयाच्या रोग्याने गोळी घेतली का हे बघायला विमान येत नाही. त्यासाठी दर पंधरवड्याला दारात येणारा माणूस लागतो.

लेसोथोमध्ये १९९१ पासून आरोग्यसेवकांना मोटारसायकली देण्यात आल्या, त्यांत स्त्रियाही पुष्कळ. पण गाडी देण्याआधी शिक्षण. केवळ चालवण्याचे नव्हे, सांभाळण्याचे. रोज सकाळी निघण्यापूर्वी पेट्रोल आणि तेल पाहायचे, साखळीला वंगण द्यायचे, ब्रेक आणि क्लच जुळवून घ्यायचे, नट-बोल्ट आवळायचे, टायर तपासायचे. ठरलेल्या किलोमीटरला कारागीर येऊन सुटे भाग बदलणार, ते मोडले म्हणून नव्हे, मोडायच्या आधी. ही एवढीच साधी गोष्ट या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे, आणि नेमकी हीच देणगीदारांना पटवणे सर्वांत अवघड गेले. नव्या गाडीला हार घालता येतो, तेलाच्या गाळणीला कोण हार घालणार?

यंत्रही नीट निवडलेले. यामाहाची 'एजी' ही गाडी मुळात शेतावर वापरायची. साखळी पूर्ण झाकलेली, म्हणजे धूळ-चिखल आत शिरत नाही. दोन्ही बाजूंना स्टँड, म्हणजे उतारावर कशीही उभी करता येते. मागे-पुढे दणकट कॅरियर. वेग बेताचा. शर्यतवाल्या मंडळींनी जगातली बहुधा सर्वांत मंद गाडी पसंत केली, याची मला मौज वाटते.

दुसरी गोष्ट हिशेबाची. एका किलोमीटरला गाडीचा खरा खर्च किती, हे या मंडळींनी काढले. नुसते पेट्रोल नव्हे. सुटे भाग, कारागिराचा पगार, शिक्षण, आणि काही वर्षांनी नवी गाडी घ्यायची त्याची तजवीज, सगळे त्यात धरून. आरोग्य खात्याने धावलेल्या किलोमीटरप्रमाणे पैसे द्यायचे. गांबियात २००९ मध्ये याच्या पुढची पायरी गाठली गेली: बँकेचे कर्ज काढून संस्थेने गाड्या घेतल्या आणि त्या सरकारला भाड्याने दिल्या. गाडी चालली नाही तर भाडे नाही. म्हणजे ती चालती ठेवण्यात मालकाचाच स्वार्थ. आमच्या शेडमधल्या त्या गाडीच्या क्लचवायरीत मात्र कुणाचाच स्वार्थ नव्हता.

लेसोथोत पुढे एचआयव्हीने थैमान घातले. प्रौढांपैकी जवळजवळ चौथा माणूस बाधित. औषधे आली, पण औषध द्यायचे तर रक्त तपासायला हवे, प्रयोगशाळा दूर, आणि काही तपासण्यांना रक्त फार काळ टिकत नाही. तेव्हा थंड पेटीत नमुने घेऊन जाणारे आणि परत येताना निकालाचे कागद आणणारे स्वार नेमले गेले. २०१४-१५ मध्ये लायबेरियात इबोलाची साथ उसळली, तेव्हा तिथेही नमुने दुचाकीवरून गेले. हे वाचताना आप्पांची काचपट्ट्यांची पेटी आणि एस.टी.चा टप मला आठवत राहिला.

अडलेल्या बाईसाठी काय, हा माझा प्रश्न होता. अभ्यासक सांगतात की बाळंतपणातल्या मृत्यूंमागे तीन विलंब असतात: निघायचे ठरवण्यातला, पोचण्यातला आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला. मधल्या विलंबावर मलावी देशात मांगोची जिल्ह्यातल्या तीन दुर्गम आरोग्यकेंद्रांत २००१-०२ मध्ये एक प्रयोग झाला. मोटारसायकलीच्या बाजूला खाटेची गाडी जोडलेली रुग्णवाहिका ठेवली. रुग्णालयात पोचण्याचा उशीर केंद्रागणिक दोन ते साडेचार तासांनी कमी झाला. खरेदीची किंमत मोटार रुग्णवाहिकेच्या एकोणिसाव्या हिश्श्याइतकी, आणि वर्षाचा चालवण्याचा खर्च ५०८ डॉलर, म्हणजे जवळजवळ चोविसावा हिस्सा. झिंबाब्वेत अशाच जोडगाडीला 'उहुरू' हे नाव मिळाले. स्वाहिलीत त्याचा अर्थ स्वातंत्र्य.

युगांडाने निराळा मार्ग धरला. तिथे भाड्याच्या मोटारसायकलींना 'बोडा बोडा' म्हणतात. या शब्दाचे मूळ आपल्या अंकाच्या वाचकांना आवडेल. केनिया-युगांडाच्या सरहद्दीवर बुसिया गावी दोन्ही चौक्यांमधल्या पट्ट्यात वाहन नसे. १९६० च्या दशकात सायकलवाले माणसांना पलीकडे पोचवू लागले आणि 'बॉर्डर, बॉर्डर' असे ओरडून गिऱ्हाईक बोलावू लागले. त्याचे बोडा बोडा झाले. पूर्व युगांडात २००९-१० च्या सुमारास गरोदर स्त्रियांना चिठ्ठ्या देण्यात आल्या; एक चिठ्ठी बोडावाल्याला द्यायची, दुसरी दवाखान्यात. त्या भागातली दवाखान्यातली बाळंतपणे महिन्याला दोनशेहून कमी होती ती पाचशेच्या वर गेली. गाडी आधीच गावात होती. फक्त भाडे कोण देणार, हा प्रश्न होता.

यात सारे गोड नाही. कंपालाच्या मुलागो रुग्णालयात बोडाच्या अपघातांत हात-पाय मोडलेल्यांची रीघ असते. ज्या वाहनाने एक रोगी आणला त्यानेच दुसरा आणला, असेही होते. 'रायडर्स'चे ब्रिटनमधले निधी गोळा करण्याचे काम पुढे 'टू व्हील्स फॉर लाइफ' या नावाखाली गेले. हे बरेच झाले असे मला वाटते, कारण आफ्रिकेतले काम तिथल्याच माणसांच्या हाती राहणे योग्य. २०१६ पासून रवांडात रक्ताच्या पिशव्या वैमानिकाशिवाय उडणाऱ्या यंत्राने दवाखान्यात उतरतात. तेही पाहण्यासारखे आहे, पण ते यंत्र घरात येऊन कुणाला ताप आहे का विचारत नाही.

एक आपल्याकडचा धागाही सांगून टाकतो. युगांडा-केनियातल्या बोडावाल्यांच्या हाती फार मोठ्या प्रमाणावर जी गाडी दिसते ती बजाजची 'बॉक्सर', आपल्या पुण्याच्या कंपनीची. आणि तो अली माओ मालिन, देवीचा शेवटचा रुग्ण, त्याने पुढे पोलिओच्या लसीसाठी गावोगाव हिंडून लोकांची मने वळवली. २०१३ साली त्याच कामावर असताना तो वारला. मलेरियाने.

आप्पा आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. ऐकू कमी येते, नजर शाबूत आहे. गेल्या उन्हाळ्यात मी त्यांना लेसोथोतल्या एका आरोग्यसेविकेचे चित्र दाखवले. डोंगराची पायवाट, डोक्यावर शिरस्त्राण, कॅरियरला बांधलेली पेटी. त्यांनी चित्र खिडकीजवळ नेले. बाईकडे नाही, डोंगराकडे नाही, ते गाडीकडे पाहत होते.

"चेन झाकलेली आहे," ते म्हणाले. "बरं केलंय. पण तेल कोण घालतं रे?"

मी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगितले, "तीच घालते, आप्पा. रोज सकाळी."