तीन दिवसांचा विस्तव

माझ्या लहानपणी कोकणातल्या आमच्या घरात रमजानच्या सहरीला गरम भात मिळायचा, तो चुलीच्या वैलामुळे. दादी रात्री निजण्यापूर्वी चुलीतले निखारे राखेनं झाकायची आणि भाताचं टोप वैलावर ठेवून वर ताट पालथं घालायची. पहाटे तीनला उठून राख बाजूला सारली की खाली विस्तव लालबुंद. काडेपेटीची एक काडी वाचली याचाच तिला आनंद. चूल गेली, गॅस आला आणि वैल हा शब्दसुद्धा आता मुलांना समजावून सांगावा लागतो.

आज आठवण निघाली ती एका वेगळ्याच कारणानं. समजा, बुधवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत घरात नवा विस्तव पेटवायचा नाही, अशी आज्ञा आहे. काडी ओढायची नाही, विजेचं बटण दाबायचं नाही, पेटलेलं विझवायचंही नाही. पण सण आहे. घरात पाहुणे आहेत, आणि सणाला गार अन्न वाढणं बरं नव्हे. मग काय करायचं? यहुदी गृहिणींना हा प्रश्न दरवर्षी नाही, तरी वारंवार पडतो. २०२४ साली त्यांचं नवं वर्ष, म्हणजे रोश हशाना, गुरुवार-शुक्रवारी आलं आणि पाठोपाठ शनिवारचा शब्बाथ. इस्रायलबाहेरच्या यहुद्यांना त्याच महिन्याभरात असे तीन-तीन दिवसांचे जोड तीनदा आले.

या आज्ञेचं मूळ बायबलच्या जुन्या करारात, निर्गम या पुस्तकात आहे. शब्बाथच्या दिवशी घरात विस्तव पेटवू नये, असं तिथं म्हटलं आहे. सणाच्या दिवसाला मात्र त्याच पुस्तकात एक सवलत आहे: प्रत्येकाला खाण्यापुरतं जे लागेल तेवढं करावं. म्हणून शब्बाथला स्वयंपाकच बंद आणि सणाला स्वयंपाक चालू, पण तो आधीपासून जळत असलेल्या ज्योतीवर. नवी ज्योत दोन्ही दिवशी नाही. सण आणि शब्बाथ लागून आले की हे दोन कायदे एकाच स्वयंपाकघरात शेजारी शेजारी नांदतात, आणि बाईला दोन्ही सांभाळावे लागतात.

सण दोन दिवसांचे का झाले, ही गोष्ट आम्हा मुसलमानांना सहज कळेल. चंद्र! ईदचा चाँद दिसला की नाही यावर आमच्याकडे अजून वाद होतात. पूर्वी जेरुसलेममध्येही साक्षीदार येऊन नवा चंद्र पाहिल्याचं सांगत आणि मग महिना सुरू झाल्याचं जाहीर होई. ती बातमी दूर बाबिलोनपर्यंत जावी म्हणून ऑलिव्ह पर्वतापासून एकेका डोंगरमाथ्यावर मशाली पेटवत नेत. शोमरोनी पंथाच्या लोकांनी भलत्याच रात्री मशाली पेटवून घोळ घातला, तेव्हा मशाली बंद होऊन जासूद सुरू झाले, असं मिश्नात नोंदलं आहे. जासूद वेळेवर पोचायचा नाही, म्हणून दूरचे लोक चूक नको म्हणून दोन दिवस सण पाळू लागले. चौथ्या शतकात गणितानं पंचांग ठरलं, तरी दुसरा दिवस गेला नाही. एकदा पाळायला लागलेला सण कोण सोडतो?

मिश्ना हा यहुदी कायद्याचा संग्रह इसवी सन २०० च्या सुमारास सिद्ध झाला. त्यातलं शब्बाथचं प्रकरण वाचताना मला आमच्या दादीचं स्वयंपाकघर दिसतं. चूल गवतानं किंवा काडीकचऱ्यानं तापवली असेल तर तिच्यावर भांडं ठेवून द्यायला हरकत नाही, कारण गवताचा निखारा उरत नाही. लाकडानं तापवली असेल तर मात्र निखारे बाहेर काढावेत किंवा त्यांच्यावर राख घालावी. का? तर माणसाचा हात सवयीनं निखारे सारायला जाईल. राख ही आठवण आहे, हा विस्तव आज आपला नव्हे म्हणून.

त्यापुढचं प्रकरण भांडं कशात गुंडाळावं याचं. कपड्यात चालेल, धान्यात चालेल, कबुतराच्या पिसांत चालेल, सुताराच्या भुशात चालेल, अंबाडीसारख्या जवसाच्या बारीक तंतूत चालेल. ऑलिव्हच्या पेंडीत, शेणखतात, मिठात, चुन्यात, वाळूत मात्र नाही. पेंढा कोरडा असेल तर चालेल, ओला असेल तर नाही. वरवर पाहता ही यादी गमतीची वाटते. पण तिच्यामागचं निरीक्षण बघा. काही वस्तू उष्णता नुसती राखतात, काही स्वतः उष्णता देतात. ओला पेंढा दडपला की आतून तापतो, हे गंजी रचणाऱ्या शेतकऱ्याला ठाऊक असतं. तेलाची पेंड ढिगात तापते, हे तेल्याला. उष्णताशास्त्राच्या पुस्तकाला अजून सोळाशे वर्षं अवकाश होता, पण धर्मशास्त्र्यांनी स्वयंपाकघरातून हा भेद काढला होता.

तेल्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो. आमच्या अलिबाग-रेवदंडा भागातले बेने इस्रायली पिढ्यान्‌पिढ्या घाणा चालवत. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं ‘शनवार तेली’. त्यांना हिब्रूचा विसर पडला होता, मायबोली मराठी झाली होती, पण शनिवार विसरला नव्हता. गावानं तो त्यांच्या धर्मग्रंथातून नाही, घाण्याच्या आवाजावरून ओळखला.

रोमचा उपहासकवी जुव्हेनाल यहुद्यांची थट्टा करतो, ती टोपली आणि गवत घेऊन फिरणारे लोक म्हणून. ही टोपली कशाची, यावर पंडितांचं एकमत नाही. पण त्याच्या एका जुन्या भाष्यकारानं शब्बाथचं अन्न गवतात गरम ठेवण्याशी तिचा संबंध जोडला आहे. मला ते पटतं. पुढं एकोणिसाव्या शतकात युरोपात गवत किंवा लोकर भरलेली स्वयंपाकाची पेटी नवा शोध म्हणून गाजली. गवताची टोपली मात्र कवीच्या थट्टेतच राहिली.

यावरून यहुद्यांच्यात घरातलं भांडणही झालं. आठव्या शतकानंतर बाबिलोनच्या बाजूला कराई नावाचा पंथ वाढला. त्यांचं म्हणणं, आज्ञा म्हणजे आज्ञा. शब्बाथला घरात विस्तव नको म्हणजे आधी पेटवलेलाही नको. जुने कराई शुक्रवारची रात्र अंधारात काढत आणि शनिवारी गार खात. त्यांना उत्तर म्हणून शास्त्र्यांनी गरम अन्नाला जवळजवळ श्रद्धेची खूण करून टाकलं. बाराव्या शतकातला दक्षिण फ्रान्सचा पंडित जरह्या हलेवी लिहून गेला की जो शब्बाथला गरम खात नाही, तो पाखंडी तर नाही ना, हे तपासावं. वाटीभर गरम कालवणावर माणसाचा धर्म ठरावा, हे आपल्याला नवं नाही. आपल्याकडेही ताटात काय आहे यावरून माणसं ठरतात.

ही खूण पुढं उलटी फिरली. स्पेनमधले यहुदी शुक्रवारी संध्याकाळी हरभरे, मांस, अंडी घातलेलं भांडं निखाऱ्यांत पुरून ठेवत. त्याला म्हणत अदफिना. हा शब्द ऐकताच माझे कान टवकारले, कारण तो अरबीतून आला आहे आणि त्याचा धातू तोच, ज्यातून आपला ‘दफन’ आला. उर्दूत ‘दफीना’ म्हणजे पुरून ठेवलेलं धन. कवीला याहून अधिक काय हवं? पण १४९२ साली स्पेननं यहुद्यांना देशाबाहेर घालवलं आणि जे बाप्तिस्मा घेऊन राहिले त्यांच्यावर इन्क्विझिशनची नजर बसली. छुपा यहुदी ओळखण्याच्या खुणा जाहीर वाचून दाखवत: शुक्रवारी स्वच्छ चादर घालतो का, शनिवारी धुतलेले कपडे नेसतो का, शुक्रवारीच शनिवारचं रांधून ठेवतो का. मोलकरणी, शेजारणी साक्षीला येत. शनिवारी ज्या घराच्या धुराड्यातून धूर निघत नाही, ते घर संशयित. स्पेनच्या आजच्या कोसिदो या पदार्थाचं मूळ अदफिनात आहे, असं मानतात. त्यात डुकराचं मांस पडलं ते शेजाऱ्याला दाखवण्यासाठी, असंही सांगतात.

हे लोण आपल्या किनाऱ्यावर आलं. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन बसलं आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापणारा वैद्य गार्सिया द ऑर्ता, ज्याच्याकडे मुंबई बेट खंडानं होतं, तो यहुदी कुळातला. तो १५६८ साली अंथरुणावर मेला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळलं आणि १५८० साली त्याची हाडं उकरून तीही जाळली. ‘दफन’ या शब्दाचा दुसरा अर्थ इथं असा भेटतो.

पूर्व युरोपात भांडं राखेत नाही, पाववाल्याच्या भट्टीत जाई. शुक्रवारी दुपारी पोरं आपापली भांडी घेऊन भट्टीवर. झाकणाच्या कडेला कणीक लावलेली, ओळखीची खूण केलेली. बिर्याणीला दम देताना आपण लावतो तशीच कणीक. रात्रभर भट्टी बंद, शनिवारी दुपारी ज्याचं त्याचं भांडं. या बार्ली-घेवड्याच्या कालवणाला तिकडे चोलेंट म्हणतात. जर्मन कवी हाइन्रिश हाइनं हा १८२५ साली ख्रिस्ती झाला होता; पॅरिसमध्ये अंथरुणाला खिळलेला असताना त्यानं १८५१ च्या संग्रहात याच पदार्थावर शिलरच्या आनंदगीताचं विडंबन केलं. धर्म सुटला होता, चव सुटली नव्हती.

अरबी मुलखात याचीच नावं निराळी. ‘हमीन’ हे नाव आपल्या ‘हमामा’च्या सोयऱ्यातलं, मोरोक्कोत ‘सखीना’ म्हणजे गरम, आणि बगदादेत ‘तबीत’, म्हणजे रात्र काढलेलं: भातानं भरलेली कोंबडी. बगदादी यहुदी मुंबई-कलकत्त्यात आले तेव्हा ती सोबत आली. कलकत्त्याच्या त्यांच्या घरांत स्वयंपाकी बहुधा मुसलमान असत. शुक्रवारची कोंबडी कधी चढवायची आणि झाकण कधी उघडायचं नाही, हे त्या खानसाम्यांना पाठ असे. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांची नावं शोधायला जाऊ नका.

आता आजचं स्वयंपाकघर. गॅसची ज्योत बारीक ठेवून तिच्यावर पत्रा टाकतात, त्याला यिद्दिश भाषेत ‘ब्लेख’ म्हणतात. म्हणजे दादीची राखच, धातूची. विजेची गरम पाटी आली. अमेरिकेतल्या अनेक ओव्हन बारा तासांनी आपोआप बंद होतात, म्हणून १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘सब्बाथ मोड’ची ओव्हन निघाली, ती तीन-तीन दिवस चालू राहते. सोय झाली, पण चुलीजवळ म्हातारी निजायची तशी हिच्याजवळ कोणी निजत नाही. २१ मार्च २०१५ ला, शब्बाथच्या मध्यरात्री, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये ओट्यावर अशीच चालू ठेवलेली पाटी बिघडली आणि घर पेटलं. एकाच घरातली सात भावंडं गेली, पाच ते सोळा वर्षांची. धुराची सूचना देणारं यंत्र त्या घरात सापडलं ते फक्त तळघरात.

ही बातमी मी वाचली तेव्हा मिश्नातली यादी पुन्हा काढून बसलो. त्या शास्त्र्यांना भीती होती ती विस्तव सारला जाण्याची. विस्तव आपणहून उठून येईल, ही भीती आपल्या काळाची. आता निजायच्या खोल्यांजवळ धुराचं यंत्र हवं, पाटीभोवती कापड-कागद नको, ज्योतीच्या खोलीतली खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड वास न देता गाठतो. पाटीचं घड्याळ सणापूर्वी लावून ठेवता येतं. आणि जिवावर बेतलं तर विझवायचं, फोन करायचा. जीव वाचवण्यापुढे शब्बाथ मागे सरतो, हा त्यांच्या शास्त्राचाच निर्वाळा आहे.

दुसरा शत्रू दिसत नाही. मांसाच्या कालवणात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा जंतू असतो; त्याची बीजं उकळण्यानं मरत नाहीत आणि कालवण कोमट झालं, चाळीस-पंचेचाळीस अंशांवर आलं, की झपाट्यानं वाढतात. भातातल्या जंतूचंही असंच. म्हणून गरम ठेवायचं तर साठ अंश सेल्सियसच्या वर, नाहीतर उथळ भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. गरम म्हणजे हाताला गरम नव्हे. जुन्या चोलेंटची युक्ती हीच होती: सूर्यास्तापूर्वी पक्कं उकळलेलं, कणकेनं मिटलेलं, दुपारपर्यंत न उघडलेलं.

तीन दिवस एकच भांडं मात्र कोणी ठेवत नाही. बुधवारी संध्याकाळी दोन-तीन दिवस पुरेल अशी मोठी मेणबत्ती पेटते, फ्रिजमधला दिवा आधीच सैल केलेला असतो. गुरुवारी, शुक्रवारी त्या ज्योतीवरून बर्नर पेटवून रोजचं ताजं रांधायचं. शनिवारचं भांडं शुक्रवारी मावळतीपूर्वी उकळून पाटीवर. पण सणाच्या दिवशी शब्बाथसाठी रांधायचं, तर सुरुवात सणाआधी झालेली हवी. म्हणून बुधवारीच एक पाव आणि एक उकडलेलं अंडं बाजूला काढून, थोडी प्रार्थना म्हणून ठेवून देतात. शनिवारचा स्वयंपाक तिथंच सुरू झाला, असं धरायचं. ते अंडं शुक्रवारी कोणी खायचं नाही. पोरं फ्रिज उघडून बघतात आणि आई ओरडते. शनिवारी दुपारी पाटीवरचं भांडं उतरलं की मग ते सोलून सगळ्यांना वाटतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)