लेवीय : प्राचीन इस्रायलचे यज्ञ, शुद्धी आणि आचार यांचे नियम

लेवीय हा हिब्रू बायबलाच्या पहिल्या पाच ग्रंथांपैकी, म्हणजे तोरापैकी, तिसरा ग्रंथ. त्याचे अध्याय २७. हिब्रूत तो ‘वय्यिक्रा’ या आरंभीच्या शब्दाने ओळखला जातो. जुने रब्बी त्याला ‘तोरात कोहानीम’, याजकांची संहिता, असेही म्हणत. वेदीवर काय व कसे अर्पण करावे, काय खावे, प्रसूती, ऋतुस्राव व त्वचारोग यांनंतर शुद्ध कसे व्हावे, शेतात, बाजारात आणि घरात कसे वागावे, याचे नियम त्यात आहेत. ग्रंथातील कथेप्रमाणे इस्रायली लोक सीनाय पर्वताच्या पायथ्याशी मुक्कामाला असताना परमेश्वराने हे नियम मोशेला सांगितले. कथाभाग थोडाच आहे. त्यात सर्वांत ठसठशीत प्रसंग दहाव्या अध्यायातला : महायाजक अहरोनाचे मुलगे नादाब व अबीहू सांगितलेला नसलेला अग्नी परमेश्वरासमोर नेतात आणि तिथेच जळून मरतात.

ग्रंथाच्या काळाबद्दल एकमत नाही. बहुतेक अभ्यासक त्याच्या रचनेचे श्रेय याजकवर्गाला देतात आणि तिला अंतिम रूप इ. स. पू. सहाव्या-पाचव्या शतकांत, म्हणजे बाबिलोनचा बंदिवास व त्यानंतरची पर्शियन राजवट या काळात, आले असे मानतात. अध्याय १७ ते २६ यांची भाषा वेगळी पडते. ऑगुस्ट क्लोस्टरमान यांनी १८७७ मध्ये या भागाला ‘पावित्र्यसंहिता’ हे नाव दिले. याजकी नियम हे इस्रायली धर्माच्या उत्तरकाळातले, हा यूलिउस वेलहाउझेन यांचा सिद्धान्त दीर्घकाळ प्रभावी राहिला; येहेझकेल काउफमान आणि जेकब मिलग्रोम यांनी मात्र त्यांतला बराच भाग बंदिवासापूर्वीचा ठरवला.

यज्ञाचे अध्याय ओलांडून एकोणिसाव्यातली नीतिवचने तेवढी वाचण्याची सवय फार जुनी आहे. तिने ग्रंथाचे नुकसान केले आहे. त्या एकोणिसाव्या अध्यायातच मजुराचे वेतन, तिसऱ्या दिवशी उरलेले यज्ञाचे मांस आणि शेतात मिसळून पेरलेले बी यांचे नियम शेजारी शेजारी येतात. कर्मकांड आणि नीती असे दोन कप्पे लेवीयाच्या कर्त्यांना माहीतच नव्हते.

यज्ञ : पहिल्या सात अध्यायांत पाच प्रकारची अर्पणे सांगितली आहेत : होमबली, अन्नबली, शांत्यर्पण, पापबली आणि दोषबली. होमबलीत पशू पूर्ण जाळला जाई. कातडे तेवढे याजकाला मिळे. पशू आणणारा माणूस त्याच्या डोक्यावर हात ठेवी आणि तो स्वतःच त्याला कापी. याजकाचे खरे काम त्यापुढे, रक्त वेदीला लावण्यापासून, सुरू होई. रक्तात प्राण आहे म्हणून ते कुणीही खायचे नाही, आणि बलीच्या पशूंची आतड्यांवरची चरबी वेदीची, हे दोन निर्बंध पुन्हा पुन्हा येतात. शांत्यर्पण ही एका अर्थी मेजवानी होती : चरबी वेदीवर, छाती व उजवी मांडी याजकांना, बाकीचे मांस घरच्यांना. आभाराचा बळी असेल तर तो त्याच दिवशी संपवायचा. एवढा पशू एका दिवसात संपवायचा म्हणजे चार माणसे जेवायला बोलावणे आलेच.

अन्नबलीत सपीठ, तेल आणि ऊद असे. पोळी भट्टीत भाजलेली, तव्यावरची किंवा कढईतली, कशीही चाले; मात्र वेदीवर खमीर आणि मध चालत नसत, आणि मीठ कधीही चुकवायचे नसे. मूठभर जाळून उरलेले याजकांच्या वाट्याला जाई.

अर्पणाची प्रत माणसाच्या पदावर आणि ऐपतीवर ठरे. अजाणता घडलेल्या पापासाठी महायाजकाने गोऱ्हा द्यायचा, अधिपतीने बोकड, सामान्य माणसाने शेळी किंवा मेंढी. पद जितके मोठे तितके त्याच्या चुकीचे ओझे मोठे. काही दोषांत, मेंढी परवडत नसेल त्याने दोन होले किंवा कबुतराची पिले आणावीत. तेही जमत नसेल त्याने एफा या मापाचा दहावा भाग सपीठ आणावे, तेल आणि ऊद न घालता. म्हणजे रक्ताशिवाय प्रायश्चित्त नाही हा समज लेवीयाच्या पानांवर टिकत नाही. गरिबाला वेदीपर्यंत येता यावे म्हणून नियमानेच वाट करून ठेवली आहे. असा विचार एकट्या इस्रायलचा नव्हता. मार्सेय येथे सापडलेल्या एका प्यूनिक, म्हणजे कार्थेजच्या भाषेतल्या, शिलालेखात यज्ञांचे दर कोरलेले आहेत आणि ज्याच्याकडे गुरे किंवा पाखरे नाहीत त्याच्याकडून याजकांनी काही घेऊ नये असे बजावले आहे. ‘शलामीम’ हे शांत्यर्पणाचे हिब्रू नावही त्याहून जुन्या, उगारित या प्राचीन सीरियन नगराच्या लेखांत जवळजवळ त्याच रूपात भेटते.

दोषबलीचा नियम विशेष महत्त्वाचा आहे. शेजाऱ्याची ठेव बुडवली, लुबाडले, सापडलेली वस्तू दडवून खोटी शपथ घेतली, तर ज्याचे त्याला मूळ रकमेत पाचवा हिस्सा घालून परत करायचे आणि मग मेंढा आणायचा. पैसे परत न करता वेदीकडे जायला मार्गच ठेवलेला नाही.

पापबलीचे रक्त पापी माणसाला लावत नसत. ते वेदीच्या कोपऱ्यांवरच्या शिंगांना लावत. मिलग्रोम यांनी यावरून मांडणी केली की लोकांच्या पापांचा आणि अशुद्धीचा मळ पवित्रस्थानावर साचतो आणि तो धुऊन काढणे हे या बलीचे प्रयोजन होय. मळ साचत राहिला तर परमेश्वर तिथे राहणार नाही, ही त्यामागची भीती. ही उपपत्ती सगळ्यांना मान्य नसली तरी सोळाव्या, प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या अध्यायाचा अर्थ तिच्यामुळे नीट लागतो.

शुद्धी : अकराव्या अध्यायात खाद्य-अखाद्य प्राणी येतात. दुभंगलेल्या खुराचा आणि रवंथ करणारा पशू चालतो. दोहोंपैकी एकच खूण असलेले उंट, ससा, डुक्कर वर्ज्य. पाण्यातले पर आणि खवले असलेलेच खायचे. पक्ष्यांची खूण न सांगता नुसती यादी दिली आहे. टोळांच्या चार जाती चालतात. कारण एवढेच दिले आहे की परमेश्वर पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र व्हा. आरोग्याचे कारण नंतरच्या भाष्यकारांनी जोडले. ग्रंथात त्याचा मागमूस नाही. मेरी डग्लस या मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ मध्ये मांडले की ज्या जिवांना वर्गीकरणात नीट जागा नाही ते अशुद्ध ठरले. पुढे त्यांनीच हे मत बरेच बदलले.

इस्रायलच्या डोंगराळ प्रदेशातील लोहयुगीन वस्त्यांत डुकराची हाडे फार कमी मिळतात. माशांचे मात्र तसे नाही. योनातान ॲडलर व ओम्री लेर्नाउ यांनी २०२१ मध्ये दाखवले की त्या काळात यहूदातही खवले नसलेले मासे सर्रास खाल्ले जात. नियम लिहिला कधी गेला आणि सामान्य घरांतल्या चुलीपर्यंत पोहोचला कधी, हे दोन प्रश्न वेगळेच ठेवायला हवेत.

तो पोहोचला तेव्हा फार दूर पोहोचला. कोकणातील बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. ते तेलाचा घाणा चालवत, शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. बाहेरून आलेल्या डेव्हिड रहाबी या ज्यू गृहस्थांनी त्यांची ज्यू म्हणून ओळख पटवली ती माशांवरून, असे सांगतात : नाना तऱ्हेचे मासे बायकांपुढे ठेवले, तेव्हा त्यांनी खवल्यांचे तेवढे घेतले आणि बाकीचे बाजूला केले. हिब्रू पोथी जवळ नसलेल्या समाजाने अकरावा अध्याय स्वयंपाकघरात सांभाळला होता.

अध्याय १२ ते १५ शरीराविषयी आहेत. मुलगा झाल्यास आई ७ दिवस अशुद्ध आणि पुढे ३३ दिवस पवित्र वस्तूंपासून दूर. मुलगी झाल्यास १४ आणि ६६. हा दुपटीचा फरक का, याचे समाधानकारक उत्तर भाष्यकारांना देता आलेले नाही. तेराव्या-चौदाव्या अध्यायांतील ‘साराअत’ त्वचेवर तर येतेच, शिवाय कापडावर आणि घराच्या भिंतीवरही येते. तेव्हा तो आजचा कुष्ठरोग नव्हे. बायबलाच्या अनुवादांनी तो तसा ठरवला आणि त्याचा जाच कुष्ठरुग्णांना शतकानुशतके सोसावा लागला, ही या ग्रंथाच्या इतिहासातली दुःखद गोष्ट आहे. याजक इथे वैद्य नसतो. तो डाग पाहतो, सात दिवस माणसाला वेगळे ठेवतो, पुन्हा पाहतो आणि निर्णय देतो.

सोवळे-ओवळे, विटाळ या शब्दांबरोबर मराठी वाचकाच्या मनात जे येते ते सगळे इथे लागू करता येणार नाही. लेवीयातली बहुतेक अशुद्धी तात्पुरती असते. बऱ्याचदा स्नान, कपडे धुणे आणि संध्याकाळ होणे एवढ्यावर ती सरते, आणि ती कुणावरही येते : बाळंतिणीवर, मृताला खांदा देणाऱ्यावर, पतिपत्नींवर. बाळंत होणे हे पाप नव्हे; प्रेत उचलणे तर कर्तव्यच. जन्माने अशुद्ध असा वर्ग ग्रंथात नाही. जन्माने ठरते ते याजकपद, आणि त्याची बंधने अधिक कडक आहेत.

प्रायश्चित्ताचा दिवस : सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी महायाजक साध्या तागाच्या वस्त्रांत परमपवित्रस्थानी जाई, वर्षातून एवढ्या एकाच दिवशी. दोन बकऱ्यांवर चिठ्ठ्या टाकत. एकाचा बळी देत. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांचे अपराध कबूल करत आणि त्याला ‘अजाजेल’कडे रानात सोडून देत. अजाजेल म्हणजे रानातला दैत्य की एखादा कडा, हा वाद प्राचीन आहे. जेरुसलेमचे मंदिर गेल्यावर हा दिवस उपवास आणि प्रार्थनेचा झाला. बेने इस्रायलांमध्ये तो ‘दारफळणीचा सण’ होता : पांढरी वस्त्रे नेसून, दारे लावून दिवसभर उपास करायचा.

आचार : एकोणिसाव्या अध्यायात पीक कापताना शेताचे कोपरे सोडायला सांगितले आहे, पडलेली कणसे आणि द्राक्षे गरिबांची व परक्यांची. मजुराची मजुरी रात्रभर ठेवू नये. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नयेत, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये. वजने-मापे खरी असावीत. न्यायाधीशाने गरिबाची कीव करून किंवा मोठ्याचा मान राखून निकाल देऊ नये. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा इथलीच, आणि काही ओळींनंतर तीच परक्यालाही लागू केली आहे, कारण तुम्हीही मिसरात परके होता. हा दुसरा भाग कमी उद्धृत होतो. मला तो पहिल्याहून अवघड आणि म्हणून मोठा वाटतो.

याच ग्रंथात परदेशी गुलाम वारसाहक्काने मुलांना देण्याची मुभा आहे, लैंगिक गुन्ह्यांना मृत्युदंड आहे, शारीरिक व्यंग असलेल्या याजकाला वेदीजवळ जाण्यास मनाई आहे. नवसासाठी माणसाची किंमत लावताना वीस ते साठ वर्षांच्या पुरुषाचे ५० शेकेल आणि स्त्रीचे ३० धरले आहेत. ही कलमे झाकून ग्रंथाचे गुणगान करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पंचविसाव्या अध्यायात दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवावी आणि पन्नासाव्या, योबेल वर्षी विकलेली शेतजमीन मूळ कुटुंबाला परत मिळावी असे आहे. जमीन परमेश्वराची, माणसे तिच्यावर पाहुणी; म्हणून कायमची विक्री होत नाही, विकली जातात ती पुढच्या योबेलपर्यंतची पिके. याच अध्यायातले मुक्तीचे शब्द अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या लिबर्टी बेलवर कोरले आहेत.

उत्तरकाल : इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर जाळले आणि ज्यूंचे यज्ञ थांबले. तरी सुमारे इ. स. २०० मध्ये संकलित झालेल्या मिश्नाच्या सहा विभागांपैकी दोन, कोदाशीम आणि तोहोरोत, यज्ञ आणि शुद्धी यांनाच वाहिलेले आहेत. लहान मुलांनी तोराचा अभ्यास लेवीयापासून सुरू करावा ही प्रथाही ज्यूंमध्ये रुजली. तोरा मानणारे शोमरोनी लोक मात्र नाब्लुसजवळच्या गरिज्जीम पर्वतावर वल्हांडणाचे कोकरू आजही कापतात.

मृत समुद्राजवळच्या गुहांत लेवीयाच्या अनेक प्रती मिळाल्या. त्यांतल्या काही प्राचीन हिब्रू लिपीत आहेत. एन-गेदीच्या सिनेगॉगमध्ये १९७० मध्ये सापडलेली गुंडाळी जळून कोळसा झालेली होती, हात लावला तर चुरा होई. केंटकी विद्यापीठातील ब्रेंट सील्स यांच्या गटाने क्ष-किरण स्कॅन करून ती संगणकावर उलगडली. आत निघाले ते लेवीयाचे पहिले दोन अध्याय, होमबली आणि अन्नबली यांचे. आणि अक्षरे मध्ययुगीन हिब्रू पाठाशी तंतोतंत जुळली.